परक्या घरात लग्न करून गेल्यावर बदलायचं कुणी? ('द पिकअप' आणि इतर कादंबऱ्या)

निळी_शाई

आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या वसाहतोत्तर (म्हणजे वसाहतींच्या राजवटी गेल्यानंतरच्या) कादंबऱ्या चालू आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या नादिन गॉर्डिमरची 'द पिकअप' (२००१) झाली आणि निम्मी मंडळी तिच्या नायिकेवर, ज्युलीवर, वैतागून घरी गेली. ते भांडण इथे आणतेय. शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना कोरी वाचायची आहे त्यांनी इथूनच परत फिरा.

जोहान्सबर्ग. वर्णभेदी राजवट जाऊन काही वर्षं झालेली. ज्युली समर्स ही बड्या इन्व्हेस्टमेंट बँकरची लेक, पण बापाच्या श्रीमंतीची लाज वाटते म्हणून साधं राहते, जुनी गाडी चालवते आणि कॅफेत मित्रांबरोबर जगाच्या उठाठेवी करते. भर रस्त्यात गाडी बंद पडते. गॅरेजमध्ये गाडीखालून एक पोरगा बाहेर येतो. नाव अब्दू. नाव खोटं, व्हिसा केव्हाच संपलेला, घरी अर्थशास्त्राची पदवी आणि हाताला ग्रीस. जमतं दोघांचं. मग त्याला देश सोडायचा हुकूम येतो. ज्युली विमानाची दोन तिकिटं घेऊन येते आणि तो खूश व्हायचं सोडून भडकतो. एकतर त्याला त्या गावात परत पाऊल टाकायचं नाहीये. आणि जायचंच तर बिनलग्नाची बाई आईच्या दारात नेणार कोणत्या तोंडाने? म्हणून लग्न, तेही घाईत, सरकारी कचेरीत.

त्याच्या देशाचं नाव लेखिका सांगतच नाही. वाळवंटाच्या कडेचं गाव. तिथे तो इब्राहिम इब्न मूसा होतो आणि वकिलातींचे उंबरे झिजवायला लागतो. कुठलाही देश चालेल, हा नको. ज्युली मात्र भाषा शिकते, सासूच्या स्वयंपाकघरात शिरते, बायकापोरींना इंग्रजी शिकवते, पहाटे गल्लीच्या टोकाला जाऊन बसते, जिथे रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते. शेवटी अमेरिकेचा व्हिसा येतो, दोघांचाही. ती म्हणते, मी नाही येत. मी इथेच राहणार.

कट्ट्यावर एकीचं म्हणणं पडलं की ही खरी प्रवाही ओळख, ज्युलीने स्वतःला नव्याने घडवलं. मला एवढंच विचारायचंय की अशी प्रवाही ओळख परवडते कुणाला? या असल्या लग्नांत एकजण बदलतो आणि दुसऱ्याला बदलवलं जातं. समीक्षेत दोन्हींना एकच लेबल लावतात, ते मला पटत नाही. तुम्ही वाचलेल्या जोडप्यांबद्दल लिहा.

खडूस_काका

वाचली आहे. ज्युली म्हणजे मुक्काम लांबलेली पर्यटक. तिच्या नावावर पैसा आहे, खिशात चालणारा पासपोर्ट आहे. परतीचं तिकीट कधीही काढता येत असेल तर वाळवंट सुंदरच दिसतं. इब्राहिमच्या नाकातोंडात ती वाळू जन्मापासून गेलेली आहे. त्याने उभं आयुष्य ज्यातून सुटायला घालवलं, ते त्याच्याच बायकोने अध्यात्म म्हणून उचलावं? मी त्याच्या जागी असतो तर ताट भिरकावलं असतं.

निळी_शाई

काका, ताट भिरकावायच्या बेतातच असतो तो. पण रागाच्या खाली त्याला शरमही वाटते, ते गॉर्डिमरबाईंनी फार बारीक टिपलंय. बायकोने आपलं घर पाहिलं याचीच शरम.

सावरी

नावांवरून सुरुवात करते. भारती मुखर्जींची 'जॅस्मिन' (१९८९). पंजाबातल्या हसनापूरची ज्योती. नवरा प्रकाश तिचं जॅस्मिन करतो, कारण त्याला शहरी, आधुनिक बायको हवी. तो बाँबस्फोटात जातो. ती खोट्या कागदांवर फ्लोरिडात उतरते, तिथे तिच्यावर जे गुदरतं ते इथे लिहीत नाही. पुढे मॅनहॅटनमध्ये टेलर तिला जेस म्हणतो, आयोवातला बँकर बड तिला जेन म्हणतो. बडचं मूल पोटात असताना ती टेलरबरोबर कॅलिफोर्नियाला निघते.

समीक्षकांनी याला पुनर्जन्मांची मालिका वगैरे म्हटलंय. बाईंची स्वतःचीही भूमिका तीच होती, 'आशियाई-अमेरिकन' हा जोडशब्द त्यांना चालत नसे, मी अमेरिकन लेखिका, बस. (त्यांचं लग्न १९६३ मध्ये आयोवात क्लार्क ब्लेझ या लेखकाशी झालं, म्हणजे विषय घरचाच.) मला मात्र वाचताना सारखं लक्ष्मीपूजनाचं ताट डोळ्यासमोर येत होतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, मग पेढे. माझ्या आत्याला सासरी नव्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघायची, दुसरं कुणी आलंय का म्हणून. तिला कुणी प्रवाही म्हटलं नाही. जॅस्मिन, जेस, जेन ही नावं एकेका पुरुषाने ठेवलेली आहेत, हे बाईंनी लिहिलंय तरी त्यांना खुपलेलं दिसत नाही. तिथे माझं आणि कादंबरीचं बिनसतं.

तळटीप_बहाद्दर

सावरीताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून जीन ऱ्हीसची 'वाइड सारगॅसो सी' (१९६६). शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या जुन्या इंग्रजी कादंबरीतली माळ्यावर कोंडलेली वेडी बायको बर्था, तिची मागची गोष्ट. ती जमैकाची अँटॉनेट कॉसवे. गुलामगिरी नुकतीच कायद्याने संपलेली, मळेवाल्यांची दैना झालेली. इंग्लंडहून आलेला नवरा तिच्याशी तीस हजार पौंडांसाठी लग्न करतो आणि थोड्याच दिवसांत तिला बर्था म्हणायला लागतो. ती सांगते, हे माझं नाव नाही. तो म्हणतच राहतो.

गंमत अशी की दोघंही गोरे. तरी हे आंतरसांस्कृतिक लग्न आहे, कारण इंग्लंडच्या माणसाला बेटावरची गोरी बाई पुरेशी गोरी वाटत नाही, आणि बेटावरच्या काळ्यांना ती आपली वाटत नाही. ऱ्हीस स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर वाढलेल्या, वडील वेल्श, आई तिथलीच क्रिओल (म्हणजे बेटावरच जन्मलेली गोरी). त्यांना हे अधांतर आतून माहीत होतं.

एक प्रसंग सांगतो. लग्नाआधी कोरामावशी अँटॉनेटच्या सावत्रभावाशी भांडते की मुलीच्या नावावर काहीतरी लिहून घे, कायद्याने तिला संरक्षण दे. तो ऐकत नाही. लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याची, अशी तेव्हाच्या इंग्रजी कायद्याची तऱ्हा, ती नीट बदलली १८८२ मध्ये. मग मावशी आपल्या अंगठ्या एका छोट्या रेशमी पिशवीत घालून गुपचूप पोरीच्या हातात देते. स्त्रीधन म्हणजे काय हे त्या म्हातारीला कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं कळलेलं.

पॉपकॉर्नवाला

वाचतोय. फक्त धाग्याचा काश्मीर (न मिटणारं भांडण) होऊ देऊ नका लोकहो.

फ्रेंच_मास्तरीण

आत्तापर्यंत सगळ्या बायका इंग्रजीतून आल्या, मी एक फ्रेंचमधून आणते. सेनेगलच्या मारियामा बा यांची दुसरी आणि शेवटची कादंबरी, इंग्रजीत 'स्कार्लेट साँग'. मूळ फ्रेंच १९८१ मध्ये आली, बाई त्याच वर्षी गेल्या.

मिरेय ही सेनेगलच्या राजधानीतल्या, डाकारमधल्या, फ्रेंच मुत्सद्द्याची मुलगी. उस्मान गरीब वस्तीतला हुशार मुलगा. बापाला कळतं तशी मिरेयची रवानगी पॅरिसला होते. पत्रांवर प्रेम टिकतं, ती मुसलमान होते, लग्न करून डाकारला येते. इथपर्यंत सिनेमा. पुढे संसार सुरू होतो आणि कादंबरीही तिथेच खरी सुरू होते.

सासू याये खादी हे पात्र मी वर्गात शिकवते तेव्हा मुली खिदळतात, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिचा हिशेब सरळ आहे. मी जन्मभर चुलीशी राबले, सून आली की मी चटईवर बसणार, सून वाढणार, बारशा-लग्नात माझा मान करणार. गोरी सून यातलं काय करणार? तिला दुष्ट ठरवणं सोपं होतं, बाईंनी ते टाळलंय. म्हातारीच्या समाजात बाईला म्हातारपणी मिळणारी ती एकमेव पेन्शन आहे आणि मुलाने ती परस्पर बुडवली.

उस्मानचे मित्र न सांगता जेवायला येतात, मिरेयला आधी सांगून हवं असतं. यावरून कुरबुरी. शेजारची उलेमातू याच सुमाराला पुन्हा त्याच्या आयुष्यात येते. लहानपणी तिनेच त्याला झिडकारलेलं असतं, का तर हा आईला घरकामात मदत करतो, झाडू मारतो, पाणी भरतो, असला बायकी मुलगा मला नको! आता हा शिकून मोठा झालाय, तर ती हवीहवीशी वाटते. तो तिच्याशी दुसरं लग्न करतो, मिरेयला पत्ता लागू न देता. आणि स्वतःला समजावतो काय, तर मी माझ्या मुळांकडे परत चाललोय, माझ्या काळेपणाशी इमान राखतोय. बाईने धर्म बदलला, देश सोडला, आईबाप तोडले, तिच्याकडून अजून बदल हवाच आहे. याने कपसुद्धा हलवला नाही, आणि अस्मिता मात्र याची धोक्यात.

शेवट भयानक आहे. मिरेयला निनावी पत्रातून कळतं. ती पोटच्या मुलाला मारते आणि उस्मानवर सुरी चालवते.

अवांतर: काळ्या संस्कृतीच्या अभिमानाचं नेग्रित्यूदचं तत्त्वज्ञान ज्यांनी उभं केलं ते सेंगॉर १९६० ते १९८० सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांची दुसरी पत्नी कोलेत उबेर नॉर्मंडीची फ्रेंच होती. उस्मान जो झेंडा अंगाभोवती गुंडाळतो, तो शिवणाऱ्याच्या घरीही गोरीच सून.

झणझणीत

याये खादीची पेन्शन! आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं." मग मी विषय बदलला.

खडूस_काका

मास्तरीणबाई, उस्मान अख्ख्या सेनेगलचा प्रतिनिधी आहे का? त्याच कादंबरीत गोऱ्या बायकोशी धड नांदणारा कुणीच नाही?

फ्रेंच_मास्तरीण

आहे की. त्याचा मित्र लामिन, बायको पिएरेत. टेबलावर जेवतात, नवरा-बायकोचा वेळ जपतात, मजेत आहेत. उस्मान त्यालाच सुनावतो की तू विकला गेलास. लामिन शांतपणे म्हणतो की मला तसं काही वाटत नाही. उस्मानची पंचाईत लामिनमुळेच होते. आफ्रिकी राहण्याचे दोन रस्ते आहेत हे त्याला दिसत असतं, म्हणून तर चिडतो.

लेस्टरकर

इकडच्या, इंग्लंडातल्या जोडप्यांबद्दल लिहितो. अनिता देसाईंची 'बाय-बाय ब्लॅकबर्ड' (१९७१) आजकाल कुणी वाचत नाही, वाचा. लंडनमधलं क्लॅपहॅम, अदित सेन आणि त्याची इंग्लिश बायको सेरा. आवाज सगळा अदितचा आणि त्याचा मित्र देवचा. हा इंग्लंडवर भाळलेला, तो शिव्या घालणारा, आणि शेवटी अदला-बदल होऊन अदित परत निघतो, देव राहतो. सेराला कुणी विचारत नाही. ती शाळेत कारकून आहे, सहकारी बायकांना नवऱ्याबद्दल काही सांगायचं टाळते. शाळेत ती मिसेस सेनची भूमिका करते, घरी मसाल्याच्या वासात दुसऱ्या मिसेस सेनची. दोन्ही उतरवल्यावर खाली सेरा उरली आहे का, हे तिला कळत नाही. एक गंमत बघा, तिने देशही बदललेला नाही. स्वतःच्याच गावात परकी झालीय. गरोदरपणी नवऱ्यामागोमाग भारतात जायला तयार होते तेही न भांडता. इथल्या बसमध्ये अशा सेरा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आता सत्तरीपुढच्या. मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्चीवर बसून शांतपणे मोदक खातात, आरतीच्या टाळ्या अचूक मारतात.

याच्या उलट टोक म्हणजे हनीफ कुरेशीची 'द बुद्धा ऑफ सबर्बिया' (१९९०). करीमचा बाप हारून मूळ मुंबईचा, लंडनमध्ये सरकारी कारकून, बायको इंग्लिश. आयुष्यभर इंग्रजासारखं बोलायची धडपड केली, आणि उपनगरातल्या गोऱ्या मंडळींना योग-अध्यात्म सांगायची वेळ आली तसा पठ्ठ्याने हिंदुस्थानी हेल पुन्हा घासूनपुसून काढला, होता त्यापेक्षा जाड करून. पोरगा बघतच राहतो. मुसलमान घरातला माणूस बुद्ध म्हणून खपतो! आणि त्या भानगडीत बायको मार्गारेट मागे पडते, कारण तिच्यासमोर गुरू होता येत नाही. तिने त्याला बनियनवर पाहिलेला असतो.

सावरी

बनियनवर पाहिलेला! :)

निळी_शाई

लेस्टरकर, हारूनवरून अब्दुलरझाक गुर्ना आठवलेच पाहिजेत. 'अ‍ॅडमायरिंग सायलेन्स' (१९९६). झांझिबारहून पळालेला निवेदक, त्याला नावच नाही. इंग्लंडमध्ये एमाबरोबर राहतो, एक मुलगी आहे. लग्न नाही, पण संसार आहे. एमाच्या वडिलांना साम्राज्याच्या गोष्टींची हौस. हा बसतो आणि रचून रचून सांगतो, इंग्रज गेले आणि आमचं कसं वाटोळं झालं, वगैरे. सासरा खूश. आतून हा त्याची टर उडवतो, हळूहळू मात्र थाप आणि खरं यातला फरक त्याचा त्यालाच राहत नाही. एमालाही स्वतःच्या वडिलांबद्दल खोटंच सांगितलेलं. आणि झांझिबारला आईला एमाबद्दल वीस वर्षं अवाक्षर नाही. तो परत जातो तर आई त्याच्यासाठी मुलगी बघून बसलेली! मग बिंग फुटतं. इकडे परतल्यावर एमाही सोडून जाते.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं हे तिसरं उत्तर आहे. कुणी बदललं नाही, कुणी बदलवलं नाही. त्याने प्रत्येक घरासाठी एक वेगळा माणूस तयार ठेवला, आणि दोन घरं एकमेकांना भेटेपर्यंत ते निभलं.

थिअरीवाला

इतक्या प्रतिसादांत वसाहतोत्तर समीक्षेतल्या होमी भाभांचं नाव नाही? 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४), संकर (संस्कृतींची सरमिसळ), तिसरा अवकाश (दोन संस्कृतींच्या मधली जागा). आपल्या मुंबईचे, एल्फिन्स्टनचे पारशी. संकरातून दोन्ही बाजू बदलतात, सत्ता डळमळीत होते, हा त्यांचा मुद्दा तुम्ही सगळे ओळख म्हणजे पुरुषाचा कट म्हणून सोडून देताय. अँटॉनेटचा नवरासुद्धा बेटामुळे हादरतोच ना? त्याला तिथलं रान झोपू देत नाही.

तळटीप_बहाद्दर

हादरतो, कबूल. हादरून इंग्लंडला जातो, आणि ती माळ्यावर. हादरण्याची किंमत दोघांना सारखी पडली का, एवढाच धाग्याचा विषय आहे. भाभा वाचून कादंबरी उघडली की सगळे संकरित दिसतात, मग मळेवाल्याची लेक आणि तिची काळी दाई क्रिस्टोफिन यांच्यात फरकच उरत नाही. क्रिस्टोफिनला बदलायची सोय कुणी दिलीय?

थिअरीवाला

क्रिस्टोफिनचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही.

दप्तरदार

कायद्याचा माणूस आहे, दोन ओळी लिहून जातो. दक्षिण आफ्रिकेत १९४९ च्या कायद्याने गोऱ्यांनी इतर वर्णांत लग्न करायला बंदी होती, ती १९८५ मध्ये उठली. म्हणजे ज्युलीच्या लहानपणी तिचं लग्न बेकायदा ठरलं असतं. आपल्याकडे १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात तऱ्हाच वेगळी. बंदी नाही, पण दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुणीही नाही. लग्नासाठी आधी कुणीच नसायचं! १९२३ मध्ये थोडी सवलत मिळाली आणि ती अट पूर्ण गेली १९५४ च्या कायद्याने. त्यातही तीस दिवसांची नोटीस आहेच, कचेरीच्या फळ्यावर लागते, आणि दोन्हीकडचे काका-मामा तेवढ्यात येऊन पोचतात.

रत्नांग्रीकर

मी 'द पिकअप' मुलीच्या सांगण्यावरून वाचली. खडूस काका, तुमचं पर्यटकाचं म्हणणं मला निम्मंच पटलं. त्या घरातली एक बाई तुम्ही विसरलात. इब्राहिमची भावजय खदीजा. तिचा नवरा तेलाच्या खाणींवर कामाला गेलाय, पत्र येत नाही, पैसे येतात न येतात. घरभर चिडचिड करत हिंडते. आमच्याकडे खाडीपट्ट्यात घरटी एक खदीजा आहे. नवरा कुवेतला, सौदीला, त्याआधीच्या पिढीत मुंबईच्या गिरणीत नाहीतर बोटीवर. गणपतीला, शिमग्याला येईल तेव्हा येईल. घर, शेत, सासू, पोरं सगळं बाईवर.

आता ज्युलीने अमेरिकेला नाही म्हटलं त्याचा अर्थ बघा. तिने वाळवंट निवडलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती त्या गावातली सगळ्यात साधी बाई झाली, नवरा परदेशी गेलेली बाई. गावाला तिचं कौतुक नाही की नवल नाही, तशा तिथे ढिगाने आहेत. शेवटी तिच्या खांद्यावर हात टाकते ती खदीजाच, आणि सांगते की येईल तो परत. ते ती स्वतःच्या नवऱ्याबद्दल म्हणते की इब्राहिमबद्दल, कोण जाणे. एवढं पर्यटकाला मिळत नाही.

खडूस_काका

रत्नांग्रीकर, खदीजा लक्षात होती, पण असं पाहिलं नव्हतं. तरी विचारतो. खदीजाला उद्या कंटाळा आला तर ती कुठे जाईल? ज्युली जोहान्सबर्गला जाईल. तुमच्या खाडीपट्ट्यातली कुठली बाई उठून जोहान्सबर्गला जाते?

रत्नांग्रीकर

कुणीच जात नाही. म्हणून तर निम्मं पटलं म्हणालो.

वऱ्हाडी_वाचक

एवढं सगळं झालं आणि मराठीतलं 'रणांगण' कुणीच काढलं नाही? विश्राम बेडेकर, १९३९. म्हणजे वसाहतोत्तर नाही, वसाहत चालू असतानाचं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, त्यावर चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू मुलगी हेर्टा. प्रेम होतं, लग्न होत नाही. मुंबईला तो उतरतो. तिची बोट पुढे पूर्वेकडे जाते आणि ती समुद्रात उडी घेते.

वरच्या सगळ्या चर्चेत गोरी व्यक्ती ती सुटी, काळी-सावळी ती अडकलेली, असं गणित बसत आलंय. इथे उलटं आहे. गुलाम देशाच्या माणसाला उतरायला बंदर आहे, आणि युरोपातल्या गोऱ्या मुलीला पृथ्वीवर कुठेच नाही. ती काहीही व्हायला तयार आहे. देश, भाषा, नाव, सगळं सोडायला तयार. चक्रधरचाच पाय मागे राहतो, आधीच्या प्रेमभंगाचा कडवटपणा, बायकांवरचा अविश्वास, वगैरे. बदलायला एक जण पूर्ण तयार असून दुसऱ्याने हात पुढे केला नाही, तर त्या तयारीचं करायचं काय?

खडूस_काका

वऱ्हाडीभाऊ, म्हणजे माझंच म्हणणं झालं. पासपोर्ट.

वऱ्हाडी_वाचक

नाही काका. बंदर सरकारने बंद केलं हे खरं, पण बोटीवरच्या त्या सगळ्या रात्री सरकार नव्हतं तिथे. चक्रधर होता. 'रणांगण' पुन्हा वाचा, मग बोलू.

निळी_शाई

कट्ट्यावर पुढच्या महिन्यात 'रणांगण'च घेतेय. ज्युलीवर चिडलेल्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. रत्नांग्रीकर, तुमच्या मुलीलाही घेऊन या.